टीव्ही युनिटमध्ये गेमिंग कन्सोल ठेवताय? या चुका टाळा

मे महिना लागला की ठाण्यातल्या नौपाड्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात एकच तक्रार येत राहते. "दादा, पीएस५ खेळता खेळता बंद पडतो." पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल. मी स्क्रूड्रायव्हरला हात लावत नाही. आधी विचारतो, ठेवलाय कुठे? "टीव्ही युनिटमध्ये, खालच्या कप्प्यात." मग घरी फोन करून त्या कप्प्याचा फोटो मागवायला सांगतो. फोटोत काय दिसणार हे मला आता पाठ झालंय. मधोमध कन्सोल, त्याला चिकटून सेट टॉप बॉक्स, डोक्यावर राउटर, मागे वायरींचा गुंता आणि पुढे काचेचं शटर. पन्नास हजारांच्या आसपासची वस्तू लोक घासाघीस करून, ऑफरची वाट बघून घेतात आणि घरी आणल्यावर ती कुठे ठेवायची याचा पाच मिनिटंही विचार करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शटरबंद कप्पा

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगतो.

घोडबंदर रोडला कासारवडवलीत एका कुटुंबाचा नवा फ्लॅट. इंटिरिअर नुकतंच पूर्ण झालेलं. मुलाला दहावीत चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी पीएस५ घेऊन दिला. महिन्याभरातच तो बंद पडायला लागला. दोनदा माझ्याकडे आणला. दोन्ही वेळा मी टेबलावर सलग तीन तास चालवून बघितला, काहीही झालं नाही. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा म्हटलं, मशीन आणू नका, मीच येतो.

सोबत फिश टँकमध्ये वापरतात तो वायरवाला डिजिटल थर्मामीटर नेला. पंखा चालू होता, हॉलमध्ये ३२ डिग्री. थर्मामीटरची वायर कप्प्यात सोडली, शटर नेहमीसारखं लावून घेतलं आणि मुलाला खेळायला बसवलं. पंचवीस मिनिटांत आकडा ४६ वर गेला. चाळीस मिनिटं होतात न होतात तोच स्क्रीनवर पीएस५ खूप गरम झाल्याचा इशारा आला. कप्प्याच्या मागच्या प्लायला हात लावला, तर आत्ताच इस्त्री फिरवलेल्या शर्टासारखं ऊबदार होतं. मुलाच्या आईला, म्हणजे काकूंनाही हात लावून बघायला सांगितलं. मशीनमध्ये दोष नाही हे त्यांना तेव्हा पटलं.

पीएस५ पुढच्या बाजूने हवा आत ओढतो आणि मागून गरम हवा बाहेर फेकतो. मागे जागा नसेल तर ती हवा प्लायवर आपटते, बाजूने वळून पुढे येते आणि कन्सोल तीच पुन्हा आत घेतो. प्रत्येक फेरीला ती आणखी तापते. सोनीने आजूबाजूच्या हवेची मर्यादा ३५ डिग्री सांगितली आहे आणि कन्सोल भिंतीपासून किमान १० सेंटीमीटर लांब ठेवायला सांगितलंय. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये दुपारी नुसता हॉलच ३४-३५ ला असतो. म्हणजे बंद कप्प्यासाठी सवलत उरतच नाही.

मग मी टेप काढून माप घेतलं. युनिट बाहेरून १४ इंच खोल. मागचं प्लाय आणि पुढचं शटर वजा जाता आत राहिले साडेबारा इंच, म्हणजे ३२ सेंटीमीटरच्या आसपास. पहिला पीएस५ आडवा ठेवला तर २६ सेंटीमीटर खोली खातो. उरले सहा. त्यातच टीव्हीला जोडायच्या एचडीएमआय वायरीचं टोक आणि पॉवरची वायर वाकून बसलेली. सुताराची यात काही चूक नव्हती, कारण त्याला कुणी माप दिलंच नव्हतं.

कन्सोल युनिटच्या वर, टीव्हीच्या शेजारी आणला. त्यासाठी टीव्ही आठ इंच डावीकडे सरकवावा लागला. काकूंना ते आवडलं नाही. आधीचं जास्त नीटनेटकं दिसत होतं, हे मलाही मान्य. पण त्या उन्हाळ्यात तो कन्सोल पुन्हा माझ्याकडे आला नाही.

युनिट अजून बनायचं असेल तर सुताराला ही मापं द्या. पहिला पीएस५ साधारण ३९ बाय २६ बाय साडेदहा सेंटीमीटर. नंतर आलेला लहान पीएस५, म्हणजे स्लिम, ३६ बाय २२ बाय १०. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स ३० बाय १५ बाय १५. सिरीज एस साडेसत्तावीस बाय १५ बाय साडेसहा. या मापांवर चारही बाजूंना चार-चार इंच मोकळे धरा. मायक्रोसॉफ्ट तर सगळीकडून १० ते १५ सेंटीमीटर सोडायला सांगतं. मी सुताराला नेहमी आतून १८ इंच खोली ठेवायला, मागचं प्लाय न लावायला आणि त्या एका कप्प्याला शटरच न करायला सांगतो.

काही जण शटर तसंच ठेवून आत छोटा यूएसबी पंखा बसवतात. मला ही पळवाट अजिबात पटत नाही. हवेला बाहेर जायची वाटच नसेल तर पंखा तीच गरम हवा आतल्या आत ढवळत राहणार. आधी शटर काढा. त्यानंतर पंख्याची गरज पडली, असं मी तरी कुठल्या घरात बघितलेलं नाही.

क्रोशाचा रुमाल

ऐरोलीच्या एका घरातून सिरीज एक्स आला होता. तक्रार तीच, खेळताना बंद पडतो. यावेळी फोटोत कप्पा मोकळा होता, मागेही भरपूर जागा. पण कन्सोलच्या डोक्यावर पांढरा, हाताने विणलेला क्रोशाचा रुमाल आणि त्यावर पितळेचा छोटा गणपती. धूळ बसू नये म्हणून आजींनी घातलेला. टीव्हीवर, मिक्सरवर त्या कायम घालतात तसाच. त्यांच्या काळजीत काही खोट नाही. पण सिरीज एक्स खालून आणि मागून हवा घेतो आणि वरच्या जाळीतून सोडतो. ती जाळी झाकणं म्हणजे त्याचं नाक दाबणं. आजींना मी फोनवर एवढंच सांगितलं की कन्सोल बंद करून पूर्ण गार झाला की रुमाल घाला, चालू करायच्या आधी काढा. तेव्हापासून ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलंय. नातू खेळायला बसला की आधी त्या रुमाल उचलतात.

सिरीज एसवरचा काळा गोल म्हणजेही हवा सोडायची जाळी. त्यावर कंट्रोलर ठेवायची सवय मोडा. सिरीज एक्स आडवा ठेवणार असाल तर जाळीची बाजू कप्प्याच्या भिंतीला टेकवू नका. आणि कन्सोलवर सेट टॉप बॉक्स किंवा सेट टॉप बॉक्सवर कन्सोल, दोन्ही नको. दोघंही तापतात.

वायरीसकट ओढणं

ही आणखी एक चूक, जिच्यासाठी माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस हीच कामं येतात.

नेरूळला एका घरात साफसफाई सुरू होती. टीव्ही युनिटमागची कोळ्याची जाळी काढायची म्हणून दोघांनी मिळून युनिट पुढे ओढलं. टीव्ही भिंतीवर आणि कन्सोल युनिटवर. मधली एचडीएमआय वायर सुताराने पाडलेल्या भोकातून तारेसारखी ताणून बसवलेली. पीएस५ सोबत येणारी वायर दीड मीटरची असते. ती लांबून वळवून आणली की सैल भाग उरत नाही. युनिट एक फूट पुढे आलं आणि वायरीने कन्सोलचा पोर्ट, म्हणजे वायर खोचायची खाच, उपटून काढला. माझ्याकडे आला तेव्हा पोर्ट एका बाजूने लटकत होता. मायक्रोस्कोपखाली बघितलं, १९ पिनांपैकी चार पिना आतल्या सर्किट बोर्डावरचं तांबं सोबत घेऊन निघाल्या होत्या. नुसता पोर्ट बदलायचा तर दुपारभराचं काम. तांबं निघालं की केसाएवढ्या तारा एकेक करून जोडत बसावं लागतं. ते काम दोन दिवस चाललं. त्यात कन्सोल पूर्ण बंदही नव्हता. रेस्ट मोडचा नारिंगी दिवा लागलेला असतानाच ही ओढाताण झाली होती.

माझी स्वतःची सवय सांगतो. प्रत्येक वायरीचं हातभर वेटोळं मागे सैल सोडतो आणि दोन्ही टोकांना रंगीत इन्सुलेशन टेप गुंडाळतो. लाल म्हणजे कन्सोल, पिवळी म्हणजे सेट टॉप बॉक्स. घरात कुणालाही सफाई करायची असो, लाल टेपवाली टोकं आधी काढायची हे सगळ्यांना माहीत आहे. काढण्याआधी कन्सोल मेन्यूतून बंद करायचा, दिवा विझेपर्यंत थांबायचं. दिवा नारिंगी असताना स्विचबोर्डचं बटण दाबणाऱ्यांना पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसावं लागतं, आणि तेवढ्यावर निभावलं तर नशीब समजायचं. डिस्क आत असेल तर आधी ती बाहेर काढा, मगच कन्सोल हलवा.

काठावर उभा कन्सोल

पहिला पीएस५ साडेचार किलोचा आहे. त्याच्या स्टँडला एक स्क्रू असतो, तो स्टँडच्या तळातच ठेवलेला मिळतो आणि रुपयाच्या नाण्यानेही पिळता येतो. एवढंही न करता लोक नुसता स्टँडवर टेकवून ठेवतात. अर्ध्या मिनिटाचा कंटाळा आहे हा, दुसरं काही नाही. स्लिमसोबत फक्त आडवं ठेवायचे दोन छोटे पाय येतात, उभा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो. तो नसेल तर आडवाच ठेवा. कन्सोल उभा किंवा आडवा, दोन्ही चालतो. घरात रांगणारं मूल असेल तर मी आडवाच ठेवायला सांगतो आणि कंट्रोलरच्या चार्जिंगची वायर युनिटच्या पुढे लोंबकळू देत नाही. मूल आधी तीच धरतं.

एसीच्या खाली

हॉलमध्ये जागा कमी, म्हणून स्प्लिट एसी टीव्हीच्या भिंतीवरच बसवलेला असतो. जुलैत त्याचा ड्रेन पाइप तुंबतो आणि पाणी थेंबथेंब युनिटवर पडतं. रात्रभर पडलं तरी कुणाला कळत नाही. एसीच्या सरळ रेषेत खाली कन्सोल ठेवूच नका, दोन फूट बाजूला घ्या. बाहेरच्या बाजूच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येत असेल तर ती भिंतही सोडा. खाडीकडे तोंड असलेल्या इमारतींत हे मी दरवर्षी बघतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. राउटर कन्सोलला चिकटवू नका, राउटर आणि कंट्रोलर दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच वायरलेस पट्ट्यात बोलतात आणि कंट्रोलर अडखळतो. गालिच्यावर किंवा गादीवर ठेवून खेळू नका. एका एक्स्टेंशन बोर्डात दुसरा बोर्ड खोचू नका. कन्सोलचा दोन पिनांचा प्लग बोर्डात सैल बसत असेल आणि चर्रर्र आवाज येत असेल तर बोर्ड बदला, कागद खोचून घट्ट करू नका. स्वयंपाकघराला लागून युनिट असेल तर झुरळांची जेल लावा, ऊब शोधत ती जाळीतून आत शिरतात. जाळीत स्प्रे मात्र मारायचा नाही.

धुळीचंही सांगायला हवं. घोडबंदरला मेट्रो ४ च्या कामाची वर्षं ज्यांनी काढलीत त्यांना ती वेगळी सांगायला नको. पहिल्या पीएस५ ची बाजूची पांढरी कव्हरं कुठल्याही हत्याराशिवाय निघतात. आत धूळ गोळा व्हायची दोन भोकं आहेत. कन्सोल बंद, वायर काढलेली, आणि व्हॅक्यूमचं बारीक तोंड त्या भोकांवर अर्धा मिनिट, बस्स. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हे करतो. याच्या पुढे जाऊ नका. व्हिडिओ बघून पहिल्याच महिन्यात अख्खं मशीन उघडणारी उत्साही मुलं माझ्याकडे येतात तेव्हा पोटात गोळा येतो. पीएस५ च्या चिपवर लिक्विड मेटल, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणारा पातळ धातू आहे. त्यातून वीज वाहते, आणि एक थेंब बोर्डावर घसरला तर जे होतं ते मला कायम दुरुस्त करता येतंच असं नाही.

राहिला गणपती. आपल्याकडे कितीतरी घरांत मखर टीव्ही युनिटवरच बसतं. मागे पडदा, बाजूला समई, वर दिव्यांच्या माळा, आणि कन्सोल त्या पडद्यामागे तसाच राहतो. पोरं रात्री आरती झाल्यावर तिथूनच खेळतात. त्या दिवसांत कन्सोल वायरी काढून मूळ खोक्यात घाला आणि कपाटावर ठेवा. खोकं टाकून दिलं असेल तर जुन्या सुती चादरीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत दमट हवा साचते. विसर्जनानंतर परत लावायच्या आधी युनिट ओल्या फडक्याने पुसून, सुकवून घ्या. अबीर-गुलालाची बारीक पूड कोपऱ्यात राहिलेली असते.