बीटलच्या चॅसीवरची किट कार आणि न पडणारा गिअर: या चुका टाळा

फोक्सवॅगन बीटलच्या चॅसीवर फायबरची बॉडी चढवलेली गाडी, मग ती बग्गी असो की जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती, नवी नवी घेतलेला माणूस एकच तक्रार करतो: लिव्हर पळीसारखा नुसता ढवळला जातो, गिअर सापडत नाही. आणि तोवर त्याने शॉर्ट शिफ्टर, म्हणजे कमी चालीचा लिव्हर, मागवलेलाही असतो.

अहो, लिव्हर पुढे, गिअरबॉक्स मागे. मधे टनेलमधून जाणारा लांबलचक शिफ्ट रॉड, त्याला पेलणारा बुश (रॉड ज्यातून सरकतो ती कडी) आणि गिअरबॉक्सच्या तोंडाशी दोघांना जोडणारं कपलिंग. झिजतात ते बुश आणि कपलिंग. शॉर्ट शिफ्टरने हाताची चाल कमी होते, जोर जास्त लागतो, ढिलेपणा मात्र जागच्या जागी. मी नेहमी मागून पुढे येतो: आधी कपलिंग, मग बुश, लिव्हर सगळ्यात शेवटी.

आता माझी दुखरी नस. बग्गीसाठी चॅसी आखूड करतात, मेयर्स मँक्स या प्रसिद्ध बग्गीच्या धर्तीवरच्या गाडीत 14 ते 14.5 इंच. मग शिफ्ट रॉडही तेवढाच कापून जोडावा लागतो. लोक लांबी दहादा मोजतात आणि पीळ विसरतात. हा रॉड पुढेमागे सरकून गिअर टाकतो, पण कोणत्या जोडीतला (पहिला-दुसरा की तिसरा-चौथा) टाकायचा हे स्वतःभोवती फिरून ठरवतो. वेल्डिंग करताना तो थोडा जरी फिरला तरी संपलं. एका मित्राच्या बग्गीत दुसरा टाकायला जावं तर रिव्हर्सचे दाते करकरायचे. मी शहाणा, म्हणून बुश बदलला, कपलिंग बदललं, स्टॉप प्लेट (लिव्हरखालची, रिव्हर्सची वाट अडवणारी पट्टी) उलटसुलट करून पाहिली. तीन रविवार गेले. न्यूट्रलमध्ये लिव्हर एका बाजूला कललेला असतो हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. "जुनी गाडी आहे, चालायचंच" असं म्हणून मीच सोडून दिलं होतं. शेवटी रॉड बाहेर काढला. लिव्हरचं टोक बसतं ती पुढची वाटी आणि रॉडचं मागचं टोक एका रेषेत नव्हतंच. तेव्हापासून कापण्याआधी रॉडच्या लांबीवर सरळ रेघ ओरखडतो, रेघ जुळवून वेल्डचे दोन टाकेच मारतो, रॉड बसवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघतो आणि मगच पूर्ण वेल्ड करतो. याला वेळ लागतो. ज्यांना संध्याकाळपर्यंत गाडी रस्त्यावर हवी असते त्यांनी हे काम हाती घेऊच नये.

कपलिंगचा चौकोनी डोक्याचा स्क्रू गिअरबॉक्सच्या दांड्यावरच्या खळग्यातच बसला पाहिजे. खळगा चुकला तरी तो आवळला जातो, तिथेच फसगत होते. वर तार बांधायची. तार न बांधलेला स्क्रू सुटला की गाडी ज्या गिअरमध्ये असेल त्यातच राहते आणि लिव्हर हातात मोकळा फिरतो.

कपलिंगच्या रबराला साधं ग्रीस फासू नका, फुगतं.

स्टॉप प्लेट काढण्याआधी खूण करा किंवा फोटो काढा. ती उलटी बसली की रिव्हर्स तरी सापडत नाही, नाहीतर लिव्हर खाली न दाबताच पडतो.

लिव्हर जुळवताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, तळाचे दोन बोल्ट सैल करा, लिव्हर सरळ उभा धरा आणि आवळा. इंजिन बंद असताना एखादा गिअर पडला नाही तर लिव्हरवर लोंबकळू नका, गाडी वीतभर ढकला आणि पुन्हा टाका.

आणि सगळं नवं घालूनही प्रत्येक गिअर करकरत असेल, विशेषतः रिव्हर्स, तर लिंकेजला, म्हणजे या रॉड-कपलिंगच्या जोडणीला, शिव्या देण्याआधी क्लच पेडल दाबून बघा. मोकळी चाल 10 ते 20 मिलिमीटर हवी. त्याहून जास्त असेल तर क्लच पुरता सुटतच नाही, केबल आवळा.