शेड्यूल घटल्यावर लाइनवरची माणसं कशी सांभाळायची

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर इथल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत मंदी आली आणि वाहन कंपनीने शेड्यूल (महिन्याची मागणी) घटवलं, की पहिली खूण म्हणजे ओव्हरटाइम बंद होणं. मग 'नो प्रॉडक्शन डे', म्हणजे उत्पादन बंद ठेवायचे दिवस, लागतात आणि गेटबाहेरच्या टपरीवर कंपनी बंद होणार इथपर्यंत बोलणं जातं. २०१९ च्या वाहनमंदीत आणि २०२१ च्या चिपटंचाईत अनेक ठिकाणी काम असंच घटलं. अशा वेळी जोशपूर्ण भाषणाने काही हलत नाही. माणसाला खरी माहिती, वाट्याचं काम आणि न्याय हवा असतो. खालचं सगळं २४ माणसांची लाइन सांभाळणाऱ्या सुपरवायझरसाठी आहे.

शिफ्ट सुरू होताना मशीन बंद ठेवून १० मिनिटं बोला. काय नक्की आहे, काय ठरलेलं नाही आणि पुढची माहिती कधी मिळेल, एवढंच सांगा. उदाहरणार्थ: "या महिन्याचं शेड्यूल १२,००० वरून ८,००० नगांवर आलंय. पुढच्या महिन्याचं अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा सांगतो, नवीन काही कळलं नाही तरी." आणि त्या सोमवारी खरोखर उभे राहा. एक सोमवार चुकला की माणसं पुन्हा टपरीवरच्या बातमीवर विसंबतात. तिसऱ्या शिफ्टलाही हेच शब्द जायला हवेत, म्हणून ते बोर्डवर लिहून ठेवा. ठेकेदारामार्फत कामाला आलेल्या मुलांना याच घोळक्यात उभं करा. त्यांना वेगळं काढलं की संशय दोन्हीकडे वाढतो. "कुणाचीही नोकरी जाणार नाही" हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. ते तुमच्या हातात नाही, आणि खोटं ठरलं तर पुढे तुमचं खरंही कुणी ऐकणार नाही.

सगळ्यात जास्त मनं दुखावतात ती उरलेल्या ओव्हरटाइमवरून. कायद्याने ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो, आणि गाडीचा हप्ता, भिशी, गावच्या घराचं बांधकाम त्याच पैशावर बेतलेलं असतं. सुपरवायझर सहसा हात चालणारे तेच चार ऑपरेटर थांबवतो. माल वेळेत निघतो, पण बाकीचे वीसजण मनातून तुटतात आणि महिन्याभरात त्याचा परिणाम रिजेक्शनमध्ये, म्हणजे नापास मालात, दिसतो. यावर उपाय साधा आहे: बोर्डवर प्रत्येकाचं नाव आणि त्याच्या शेवटच्या ओव्हरटाइमची तारीख लिहा. ज्याची तारीख सर्वांत जुनी, त्याचा नंबर पहिला. नको म्हणाला तर तो रांगेत शेवटी जाईल. एखाद्या मशीनला ठरावीक माणूसच लागत असेल तर कारण तिथेच लिहा आणि शिकायला दुसऱ्याला त्याच्याबरोबर थांबवा.

पैशांबद्दल एचआरकडून पक्क्या तारखा आणा. पगार ७ तारखेपर्यंत, पीएफचा भरणा १५ पर्यंत. प्रत्येकाला उमंग ॲपवर पासबुक बघायला शिकवा, कारण भरणा थकला की 'मालक पळाला' ही बातमी त्याच दिवशी फिरते. पात्र कामगारांना किमान ८.३३ टक्के बोनस मिळतो आणि मार्चअखेर हिशेब संपणाऱ्या कंपनीत तो ३० नोव्हेंबरपर्यंत द्यावा लागतो. ५० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात ले-ऑफ (तात्पुरती कामबंदी) दिला, तर वर्षाची सलग सेवा झालेल्या कायम कामगाराला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई असते. आपल्या लाइनवर कोण यात बसतं, हे एचआरकडून लेखी घ्या. अंदाजाने सांगू नका.

रिकामा वेळ वाईट. नुसतं बसवलं की माणूस वाईटच विचार करतो, आणि भिंती रंगवायला लावलं तर त्याला ती शिक्षा वाटते. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठली मशीन येते याचा तक्ता, काढा, ज्या मशीनवर एकच जाणकार आहे ती निवडा आणि तिथे रोज २ तास जोडी लावा. कुठली मशीन शिकायची हे शिकणाऱ्याला ठरवू द्या. त्याने स्वतः तीन सेटिंग करून दाखवली आणि क्वालिटीने पहिला नग पास केला, की सगळ्यांसमोर बोर्डवर त्याचं वर्तुळ भरा. डायची (साच्याची) रखडलेली दुरुस्ती, नग पकडणाऱ्या फिक्स्चरची झीज, तेलगळती हेही आत्ताच उरकून घ्या.

रोज दोघांशी १५ मिनिटं बोललात तर १२ दिवसांत सगळे होतात. केबिनमध्ये बोलावू नका. मंदीत ते बोलावणं म्हणजे नोकरी गेली असंच वाटतं. कँटीनमध्ये किंवा मशीनशेजारी विचारा: "घरी कुठे अडतंय, दादा?" कायम बोलणारा गप्प झाला, सोमवारी दांड्या वाढल्या, उचल वारंवार मागितली जाऊ लागली, तर त्याच दिवशी बसा. गरज वाटली तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक द्या.

कपात करावीच लागली तर एकदाच करा. दर शनिवारी दोन-दोन माणसं काढली की उरलेला प्रत्येकजण आपला शनिवार मोजत बसतो. गेटवर कार्ड चालेना म्हणून कुणाला कळू नये. तुम्ही स्वतः समोर बसून सांगा. वर्षाची सलग सेवा झालेल्या कामगाराला किमान महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मिळतो. हिशेबाचा कागद आणि अनुभवपत्र त्याच दिवशी हातात द्या. दुसऱ्या सकाळी उरलेल्यांना आकडा सांगा आणि पहिला आठवडाभर एकाच्या गळ्यात दोन मशीन घालू नका. घाईत झालेली इजा या काळात लाइनला परवडत नाही.