टेसरॅक्ट सोर्सवरून कम्पाइल करण्यापूर्वीची तयारी

बडोद्यातल्या अनेक मराठी घरांत सयाजीरावांच्या काळातली छापील पुस्तके अजून कपाटात आहेत. त्यांची पाने स्कॅन करून मजकूर शोधण्याजोगा करायचा असेल, तर चित्रातला मराठी मजकूर ओळखणारे टेसरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर हाताशी आहे. उबंटू या लिनक्सच्या 22.04 च्या पॅकेजमध्ये (तयार बांधलेल्या संचात) मात्र त्याची 4.1.1 ही आवृत्ती मिळते आणि पाचवी हवी असल्यास सोर्सवरून कम्पाइल करणे, म्हणजे मूळ कोडपासून प्रोग्रॅम स्वतः बांधणे, हा एक मार्ग उरतो. ज्यांच्याकडे उबंटू 24.04 आहे, त्यांना पॅकेजमधूनच पाचवी आवृत्ती मिळते. त्यांनी पॅकेज बसवावे आणि या वाटेला जाऊ नये.

इंटरनेट, मोकळी डिस्क आणि सुडोचा (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या आज्ञेचा) पासवर्ड लागतो, हे सांगायला नको. कम्पायलर व मेक (बांधणीची कामे क्रमाने चालवणारे साधन) ‘बिल्ड-इसेन्शियल’ या पॅकेजमधून येतात. त्याखेरीज ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आणि पीकेजी-कॉन्फिग बसवून घ्यावेत. पाचव्या आवृत्तीला सी++17 समजणारा कम्पायलर लागतो, 22.04 वरचा पुरेसा आहे.

आता मुख्य गोष्ट. कॉन्फिगर, म्हणजे संगणकावर काय आहे ते तपासून बांधणीची तयारी करणारी स्क्रिप्ट, चालवण्याच्या आधी चित्रांच्या लायब्रऱ्यांची ‘-डेव’ पॅकेजेस बसवावीत: लिबपीएनजी-डेव, लिबजेपेग-डेव, लिबटिफ-डेव आणि झेडलिबचे डेव पॅकेज. गेल्या खेपेला माझ्याकडून नेमके हेच राहिले, आणि म्हणून ही यादी लिहिली आहे. नवख्या माणसाची समजूत अशी होते की संगणकावर पीएनजी चित्रे उघडतात, म्हणजे लिबपीएनजी आहेच. ती असतेही, परंतु ती तयार प्रोग्रॅम चालवण्यापुरती असते. कम्पाइल करताना कम्पायलरला ‘पीएनजी डॉट एच’ ही हेडर फाइल लागते आणि ती फक्त डेव पॅकेजमध्ये असते. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर याच पॅकेजांच्या नावाच्या शेवटी ‘-डेवेल’ असते.

यातला खरा धोका असा, की डेव पॅकेज नसले तरी काहीही अडत नाही. टेसरॅक्ट चित्रे उघडण्याचे काम लेप्टोनिका या दुसऱ्या लायब्ररीवर सोपवते. लेप्टोनिकाचे कॉन्फिगर पीएनजी शोधते, सापडले नाही तर ‘नो’ एवढा शब्द छापून पुढे जाते आणि शेवटपर्यंत एकही एरर देत नाही. मेकही पूर्ण होते, इन्स्टॉलही पूर्ण होते. स्कॅन केलेले पहिले पान दिल्यावर मग ‘पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट’ असा संदेश येतो, आणि तो वाचून माणूस स्कॅनरला, फाइलला, मराठीच्या डेटाला, सगळ्यांना दोष देत बसतो. दोष पानात नसतो. त्या लायब्ररीत पीएनजी वाचणारा भाग बांधलाच गेलेला नसतो.

म्हणून दोन गोष्टी कराव्यात. पहिली, शक्य असेल तर लेप्टोनिका स्वतः कम्पाइलच करू नये; उबंटूचे लिबलेप्टोनिका-डेव हे पॅकेज 22.04 वर टेसरॅक्टच्या पाचव्या आवृत्तीला चालते. जुन्या लेखांत दोन्ही कम्पाइल करायला सांगितलेले असते, आणि ते डोळे मिटून पाळू नये. दुसरी, लेप्टोनिका कम्पाइल करायचीच असेल, तर कॉन्फिगरला ‘विथ-लिबपीएनजी’ आणि ‘विथ-लिबटिफ’ हे पर्याय स्पष्टपणे द्यावेत. तसे मागितल्यावर लायब्ररी सापडली नाही तर कॉन्फिगर तिथेच थांबते, आणि नवख्या माणसाला हे थांबणेच हवे असते. कॉन्फिगर संपल्यावर टर्मिनल वर सरकवून पीएनजी, जेपेग आणि टिफ यांच्या ओळी स्वतःच्या डोळ्यांनी वाचाव्यात, मेक त्यानंतरच. एखाद्या ओळीपुढे ‘नो’ दिसले तर डेव पॅकेज बसवावे, ‘मेक क्लीन’ करावे आणि कॉन्फिगर पुन्हा चालवावे. नुसते डेव पॅकेज नंतर बसवून काहीही बदलत नाही, कारण काय बांधायचे हे कॉन्फिगरने आधीच ठरवून ठेवलेले असते. एवढ्यासाठीच पुन्हा लिहितो: डेव पॅकेजेस आधी, कॉन्फिगर नंतर.

सोर्स प्रकल्पाच्या मूळ जागेवरूनच घ्यावा. तो ज्या फोल्डरमध्ये उलगडायचा, त्याच्या मार्गात कोठेही मोकळी जागा नसावी. ‘जुनी पुस्तके’ अशा नावाच्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर अडते आणि कारण चटकन लक्षात येत नाही. टेसरॅक्टच्या सोर्समध्ये कॉन्फिगर नावाची फाइलच नसेल तर घाबरू नये. आधी ‘ऑटोजेन’ ही स्क्रिप्ट चालवली की ती तयार होते. कॉन्फिगर एररने थांबले तर शेवटची ओळ वाचून अंदाज बांधण्यापेक्षा ‘कॉन्फिग डॉट लॉग’ ही फाइल उघडावी. कोणती चाचणी फसली आणि कम्पायलरने काय म्हटले, ते तिथे पूर्ण असते. प्रीफिक्सचा (कोठे बसवायचे ते सांगणारा) पर्याय न दिल्यास सगळे ‘यूएसआर-लोकल’ मध्ये जाते आणि तेच योग्य आहे. प्रीफिक्स म्हणून नुसते ‘यूएसआर’ देऊ नये, कारण ती जागा पॅकेज व्यवस्थेची आहे आणि तिच्या फाइलींवर आपल्या फाइली लिहिल्या गेल्या की पुढच्या अपडेटला गोंधळ होतो.

मेक चालवताना सुडो वापरू नये. सुडो फक्त ‘मेक इन्स्टॉल’ ला लागतो. समांतर कामांचा आकडा ‘-जे’ ने देता येतो, पण रॅम कमी असेल तर तो लहान ठेवावा, नाहीतर संगणक गोठतो. वीज गेली तर पहिल्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही: मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहते आणि राहिलेले तेवढेच पुरे करते. हे मेकचे मूळ काम आहे आणि 1976 मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्जमध्ये ते लिहिले, तेव्हापासून ते तसेच चालत आले आहे.

इन्स्टॉल झाल्यावर लगेच सुडोने ‘एलडीकॉन्फिग’ (नव्या लायब्रऱ्यांची नोंद घेणारी आज्ञा) चालवावे, नाहीतर ‘लिबटेसरॅक्ट डॉट एसओ सापडत नाही’ अशा अर्थाचा एरर येतो. मराठीचा डेटा वेगळा उतरवावा लागतो. ‘एमएआर’ नावाची ट्रेन्डडेटा (भाषा ओळखण्याच्या डेटाची) फाइल ‘यूएसआर-लोकल-शेअर-टेसडेटा’ मध्ये ठेवावी. बडोद्याच्या जुन्या छपाईत गुजराती आणि इंग्रजीही येते, तेव्हा त्यांच्या ‘जीयूजे’ आणि ‘ईएनजी’ या फाइलीही सोबत घ्याव्यात. स्कॅन 300 डीपीआयचे असावेत. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या पुस्तकांतले अनुच्चारित अनुस्वार हाताने तपासावे लागतील.

मग ‘टेसरॅक्ट व्हर्जन’ ची आज्ञा द्यावी. आवृत्तीखाली लेप्टोनिकाची ओळ येते आणि तिच्याखाली लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब अशी नावे येतात. ही नावे तिथे दिसली पाहिजेत. लिबपीएनजी दिसत नसेल तर पुढे एकही पान देऊ नये. डेव पॅकेजपासून पुन्हा सुरुवात करावी. सोर्सचा फोल्डर पुसू नये, ‘मेक अनइन्स्टॉल’ तिथूनच चालते.