डोळ्यांच्या कडेच्या बारीक रेषा आणि रेटिनॉलने सोलणारी त्वचा: माझा अनुभव

हसलं की डोळ्यांच्या कडेला बारीक रेषा, आणि रेटिनॉल (बारीक सुरकुत्यांसाठी लावतात तो अ जीवनसत्त्वाचा प्रकार) लावलं की तिथेच सालपटं. आय क्रीम, मसाज, कोरफड, सगळं करून वैताग आला होता.

जमलं ते असं: रात्री चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. आधी साधं मॉइश्चरायझर, मग ०.३ टक्के रेटिनॉल, अख्ख्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढंच, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. पापण्या आणि नाकपुड्यांचे कोपरे सोडायचे. सुरुवातीला आठवड्यातून दोनच रात्री. सोलणं थांबलं की एक दिवसाआड.

सकाळी एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्तीचं सनस्क्रीन, ढगाळ असलं तरी. ते टाळायचं असेल तर रेटिनॉलच्या वाटेला जाऊच नका. फरक दिसायला तीनेक महिने धरा; खोल सुरकुत्या मात्र याने जात नाहीत. गरोदरपणात रेटिनॉल नकोच.