कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजतोय? आधी फाइली काढा, विंडोजचं नंतर बघू

कॉम्प्युटर सुरू व्हायला युगं लागतायत, मध्येच निळी स्क्रीन येते, एखादा फोल्डर उघडला की सगळंच अडकून बसतं. अशा वेळी पहिला मोह होतो तो विंडोज दुरुस्त करण्याचा. तो आवरा. डिस्क तपासणारं चेकडिस्क किंवा फाइली नीट मांडणारं डीफ्रॅग चालवलं की डिस्कवर प्रचंड वाचन-लेखन होतं, आणि डिस्कच मरणपंथाला लागली असेल तर तिचा उरलासुरला जीव त्यातच जातो.

आधी कान लावा

हार्ड डिस्कमधून ठरावीक अंतराने टक-टक आवाज येत असेल तर लगेच मशीन बंद करा. हा बहुतेक वेळा आतल्या हेडचा, म्हणजे डिस्क वाचणाऱ्या भागाचा, बिघाड असतो, घरच्या घरी निस्तरण्यासारखा नाही. फाइली मोलाच्या असतील तर डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच डिस्क द्या. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा अजून फिरत असतो. त्याच्या नादी लागू नका.

पेनड्राइव्हवरून सुरू करा

विंडोज न उघडता फाइली काढायच्या तर पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टिम) वापरा. दुसऱ्या धडक्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांपैकी एकाची आयएसओ फाइल (अख्ख्या सिस्टिमची एकच फाइल) डाउनलोड करा आणि रूफस नावाच्या प्रोग्रामने ती ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. तो आजारी मशीनला लावून सुरू करताना बूट मेन्यूचं बटण दाबा. कंपनीनुसार ते एफ१२, एफ९ किंवा एस्केप असतं. उबुंटूने विचारलं तर 'ट्राय' निवडा, चुकूनही 'इन्स्टॉल' नको.

आता 'डिस्क्स' नावाचं अ‍ॅप उघडून हार्ड डिस्कची स्मार्ट माहिती (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याऐवजी दुसरा आकडा असेल तर तितके सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) डिस्कला धड वाचता येत नाहीयेत. त्या डिस्कवर पुन्हा विंडोज टाकण्यात अर्थ नाही, नवी एसएसडी (हलते भाग नसलेली डिस्क) घ्या. सगळं ठणठणीत दिसलं तर संशय रॅमवर घ्या आणि फाइली काढून झाल्यावर रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवा.

फाइली काढताना

एक्स्टर्नल डिस्क जोडा. ती फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेणार नाही, एक्सफॅट बरं. तुमच्या फाइली विंडोजच्या सी ड्राइव्हवर असतात: 'युजर्स', त्यात तुमच्या नावाचा फोल्डर. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये डोकवा. पुन्हा मिळणार नाहीत ते फोटो आणि कागदपत्रं सगळ्यात आधी घ्या, सिनेमे शेवटी. अख्खा फोल्डर एकदम ओढण्यापेक्षा थोडं थोडं घ्या. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे चला. ब्राउझरचे बुकमार्क तुमच्या नावाच्या फोल्डरमधल्या 'अ‍ॅपडेटा'त सापडतात, पण क्रोमचे पासवर्ड नुसता फोल्डर कॉपी करून मिळत नाहीत, कारण त्यांचं कुलूप तुमच्या विंडोज खात्याशी बांधलेलं असतं.

ड्राइव्ह फक्त वाचता येतोय असा संदेश आला तर ते विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे (लवकर सुरू होण्याची सोय) असू शकतं. आपल्याला वाचायचंच तर आहे! किल्ली मागितली तर विंडोजचं बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू आहे. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळेल.

फाइलीमागून फाइली अडायला लागल्या तर कॉपी थांबवा आणि डीडीरेस्क्यू वापरा. हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं, आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच बंद पडलं तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. त्यासाठी दुसरी डिस्क मूळ डिस्कपेक्षा मोठी हवी. कमांड देण्याआधी दोन्ही डिस्कचं मॉडेल आणि साइज दोनदा ताडून पाहा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उमटते आणि मग कोणीच काही करू शकत नाही.

काढलेल्या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. नुसती नावं दिसणं पुरेसं नाही; फोटो पूर्ण उघडतो का, एक्सेलमधले आकडे जागेवर आहेत का, हे पाहा.

आता विंडोज

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह बनवा. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे जुन्या मशीनवर मगाचंच लिनक्स कायमचं टाकणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

इन्स्टॉल सुरू करण्याआधी बॅकअपची डिस्क काढून बाजूला ठेवा. 'कस्टम' पर्याय घेऊन नवी एसएसडी निवडा. प्रॉडक्ट की विचारली तर 'माझ्याकडे नाही' म्हणून पुढे जा. आधीचीच एडिशन (होम किंवा प्रो) टाकली आणि मदरबोर्ड तोच असेल तर इंटरनेट मिळाल्यावर लायसन्स साधारणपणे आपोआप लागू होतं. मग अपडेट, ड्रायव्हर, आणि फाइली परत घेण्याआधी एकदा व्हायरस स्कॅन.

जुनी डिस्क इतक्यात भंगारात टाकू नका. एखादी विसरलेली फाइल महिनाभराने आठवते.