कॉम्प्रेसरच्या टेस्टमधला तो १.०१३ आधी खोडा

आमच्या बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पिस्टन कॉम्प्रेसर खोलून-जोडून झाला की टाकी भरायला किती वेळ लागतोय ते मोजून एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी, म्हणजे मशीन मिनिटाला बाहेरची किती हवा ओढून देतंय ते) काढतात. पद्धत बरोबर आहे, पण सूत्रात बाहेरच्या हवेचा दाब १.०१३ बार टाकतात आणि तिथंच सगळं फसतंय बघा. तो आकडा समुद्रसपाटीचा. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, इथं दाब ०.९२-०.९३ बारच्या आसपास. टाकीतल्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या दाबातला फरक गुणिले टाकीचं व्हॉल्यूम, त्याला बाहेरचा दाब गुणिले वेळ यानं भागायचं, म्हणजे खाली मोठा आकडा गेला की चांगलं मशीनसुद्धा आठ-नऊ टक्के कमी दिसणार आणि तुम्ही रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट बदलत बसणार. मी एक हेड याच पायी दोनदा उघडलंय. मोबाइलवरच्या हवामानातला दाबही घेऊ नका, तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला जुळवून दिलेला असतोय. शेडमध्येच बॅरोमीटर लावा.

दुसरं टेंपरेचर. भरताना टाकीतली हवा तापते, आत घेतली ३० डिग्रीला आणि टाकीत ४५ झाली तर एफएडी पाच टक्के जास्त दिसते, म्हणून २७३ अधिक बाहेरचं भागिले २७३ अधिक टाकीतलं, यानं गुणायचंच. सेन्सर टाकीच्या पत्र्याला चिकटवून उपयोग नाही, आतपर्यंत जाणाऱ्या पॉकेटमध्ये तेल घालून बसवा. बाहेरचं टेंपरेचर फिल्टरच्या तोंडाशी घ्या, मोटरच्या गरम वाऱ्यात नको.

टाकीवर लिहिलेल्या लिटरवर विसंबू नका, एकदा पाणी भरून मोजा आणि डिलिव्हरी पाइपचं व्हॉल्यूम त्यात धरा. पावसाळ्यात तर प्रत्येक टेस्टच्या आधी ड्रेन उघडा, कारण तळात पाणी साचलं की तेवढी जागा कमी होते, टाकी लवकर भरते आणि मशीन उगाच भारी वाटतं.

प्रेशर गेज टाकीवरच घ्या, डिलिव्हरी पाइपवर काटा नाचत राहतोय. पॉवरसाठी नुसता अँपिअर बघून चालत नाही, व्होल्टेज आणि पॉवर फॅक्टर दोन्ही हलतात, किलोवॅट मीटरच लावा. बेल्ट सरकतोय का ते टॅकोमीटरनं बघा.

लीकेज तपासताना टाकी भरून आउटलेट बंद करायचा आणि थंड होऊ द्यायची, मगच दाब लिहायला सुरू करायचं. गरम हवा थंड होताना दाब उतरतोच, तो लीक समजून लोक सगळे जॉइंट उघडत बसतात. अर्धा तास चालवून मशीन तापलं की एफएडीची तीन रीडिंग घ्या, तिन्ही जुळेनात तर साबणाचं पाणी घेऊन आधी नॉन-रिटर्न व्हॉल्व्हपाशी (टाकीतली हवा मागं येऊ न देणारा) जा.