जुन्या गाडीच्या दारातल्या स्पीकरमधून बेस कसा वाढवावा

जुन्या स्विफ्टमध्ये, सॅन्ट्रोत किंवा इंडिकात बेस येत नाही म्हणून दुकानात गेलात की पहिला सल्ला मिळतो 'स्पीकर बदला' आणि दुसरा 'मागे सबवूफर टाका'. दोन्ही नंतर. स्पीकरचा कोन (पुढे-मागे हलणारा शंकूसारखा पडदा) फाटलेला नसेल आणि आवाज खरखरत नसेल, तर आधी दार सुधारा. दार तसंच ठेवून महाग स्पीकर बसवला, तर तोही तितकाच पातळ वाजेल.

कोन पुढे ढकलला जातो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची, दाराच्या आतली हवा विरळ होते. पुढची आणि मागची हवा एकमेकींना मिळाली की खालचे सूर कटतात. वरच्या सुरांना याचा फारसा फरक पडत नाही, म्हणून आवाज मोठा पण पोकळ येतो. दाराच्या आतल्या पत्र्यात काचेच्या दुरुस्तीसाठी हात जाईल एवढी एक-दोन मोठी भोकं असतात आणि कंपनी त्यावर फक्त प्लॅस्टिकचा कागद चिकटवते. बेस तिथून जातो.

दाराचं आतलं पॅड काढा. क्लिपा तुटतीलच, पुण्यात असाल तर नाना पेठेतून आधीच डझनभर आणून ठेवा.

खर्च करण्याआधी एक चाचणी घ्या. प्लॅस्टिक सोलून ८० हर्ट्झचा टोन मध्यम आवाजात वाजवा आणि मोठ्या भोकावर जाड पुठ्ठा दोन्ही तळहातांनी घट्ट दाबून धरा. बेस लगेच भरला, तर पुढचं काम फुकट जाणार नाही. नाहीच भरला, तर आधी वायरिंग पाहा. जुन्या गाडीत कोणीतरी आधी हात घातलेला असतोच आणि एका बाजूचे प्लस-मायनस उलटे लागलेले असतात. स्टिरिओमागून स्पीकरच्या तारा सोडवा आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लस तारेला लागला की कोन बाहेर यायला हवा. दोन्ही दारांत हे तपासा.

आता भोकं बुजवणं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं, कारण दुकानात सरसकट सांगितलं जातं की डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर दाबणारी चिकट शीट) सगळीकडे चिकटवली की झालं. लहान भोकांवर २ मिमीच्या ब्यूटाइल (चिकट रबराच्या) डॅम्पिंग शीटचे दोन थर पुरतात. पंजाएवढ्या भोकावर नुसती शीट ताणून लावली, तर ती ढोलाच्या पानासारखी आत-बाहेर हलते आणि बेस तिथेच संपतो. मोठ्या भोकावर कडक पट्टीच हवी. १ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. त्याहून सोपी म्हणजे ३ मिमीची एसीपी शीट (दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक): दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्यांकडे तिचे तुकडे पडलेले असतात. चार रुपये द्या, आनंदाने देतील.

पुठ्ठ्याचा साचा काढा. पट्टी भोकापेक्षा चारही बाजूंनी २०-२५ मिमी मोठी कापा. जुना काळा चिकट गोंद रॉकेलने काढा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवा, नाहीतर पहिल्या उन्हात टेप सुटेल. पट्टीच्या कडेला ब्यूटाइल टेपची अखंड दोरी लावा आणि वरून स्क्रूने आवळा. पट्टी चिकटवून कायमची बंद करू नका. काच वर-खाली करणारा रेग्युलेटर एक दिवस बिघडणारच, आणि त्या दिवशी मेकॅनिक तुमचं सगळं काम स्क्रूड्रायव्हरने उचकटून टाकेल. स्क्रू १० मिमीपेक्षा लांब नको. प्रत्येक स्क्रूआधी काच पूर्ण खाली आणून पाहा की मागे काच, रेग्युलेटर किंवा लॉकची सळई येत नाही ना. वायरचा जुडगा जिथून बाहेर येतो तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रबराची कडी), नाहीतर ब्यूटाइलचा गोळा.

पुण्यात हे काम करताना पावसाळा डोक्यात ठेवावा लागतो. काचेवरून ओघळणारं पाणी दारात शिरतंच आणि दाराच्या खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडतं. ती भोकं कधीही बुजवायची नाहीत, उलट तारेने मोकळी करायची. काम झाल्यावर काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी ओता: ते दाराखाली टपकलं पाहिजे, आत पॅडच्या बाजूला एक थेंबही नको. आत ओल आली, तर पट्टीच्या खालच्या कडेची टेप तुटली आहे असं समजा.

दारात साइड एअरबॅगचा प्रेशर सेन्सर असेल, तर मात्र त्या दाराची भोकं बुजवू नका. तो दारातल्या हवेच्या दाबावरच चालतो.

बाहेरच्या पत्र्याला डॅम्पिंग थोडंच पुरतं. स्पीकरच्या बरोबर मागे साधारण एक फूट बाय एक फुटाचा तुकडा आणि टिचकी मारल्यावर जिथे पत्रा घणघणतो तिथे आणखी एक-दोन. रोलरने जोर लावून दाबा. डांबरी शीट स्वस्त म्हणून घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडून घसरते आणि वास येतो तो वेगळा. पूर्ण दार मढवलं, तर जुन्या बिजागऱ्यांवर वजन वाढतं, बेस वाढत नाही.

स्पीकर प्लॅस्टिकच्या पातळ ब्रॅकेटवर असेल, तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून मरीन प्लायचा तुकडा आणून १२ किंवा १८ मिमीची रिंग कापा. किती जाड, ते काच खाली असताना स्पीकरमागच्या चुंबकाला काच लागते का आणि पॅड नीट बसतो का यावर ठरेल. रिंगला दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश द्या, पत्रा आणि रिंगमध्ये फोम टेप ठेवा आणि नट-बोल्टने कसा. स्पीकरमागे फोमचा पूर्ण वाडगा विकतात तो नको: एवढ्याशा हवेत कोन अडतो आणि कमावलेला बेस जातो. पाण्याचीच भीती असेल, तर स्पीकरच्या वरच्या अर्ध्या भागावर प्लॅस्टिकचं छप्पर पुरे.

पॅड बसवण्याआधी स्पीकरच्या कडेवर १०-१५ मिमी जाड मऊ फोमची पट्टी गोल फिरवा, म्हणजे आवाज पॅड आणि पत्र्याच्या मधल्या फटीत न शिरता जाळीतूनच बाहेर येईल. दहा मिनिटांचं काम, पण बरेच जण विसरतात.

सेटिंगमध्ये लाउडनेस आणि बेस बूस्ट बंद करा. हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचे सूर अडवणारं सेटिंग) साडेसहा इंची स्पीकरला ६० ते ८० हर्ट्झ, सव्वापाच इंचीला ८० ते १००, उतार (स्लोप) दर ऑक्टेव्हला १२ डीबी. स्टिरिओवर '४ बाय ५० वॉट' छापलेलं असलं, तरी दर चॅनेलला खरी ताकद १५-२० वॉटच्या आसपास असते, म्हणून आवाज फाटायच्या आतच हात थांबवा. यापुढे जोर हवा असेल, तर चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर घ्या आणि त्याच्या तारेचा फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत बसवा. ५० हर्ट्झच्या खालचं मात्र दारातून निघणार नाही. त्याला सबवूफरच लागतो, आणि तो दार सुधारल्यावरच घ्यावा.